सत्काराचं कोडं

२००६ साल होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे पेपराचं पहिलं पान वाचवत नसे, म्हणून मूर्तिजापुरात मी आणि शेजारच्या रजियाबी आधी मागच्या पानावरचं गूढ शब्दकोडं उघडायचो. रविवारी माझी पूजा आटोपली की धाकटे दीर डिगांबर भाऊजींचा अमरावतीहून फोन यायचा, "वयनी, बारा आडवा सांगा ना, सुचूनच नाही राहिलं." आम्ही दोघींनी सोडवलेलं कोडं ते स्वतःच्या नावानं पाठवत. वर्षभरात विजेते म्हणून त्यांचे चार फोटो छापून आले.

पेपरवाल्यांनी अमरावतीत त्यांचा सत्कार ठेवला. आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. भाऊजी माईकवर म्हणाले, "आमच्या वयनी हप्त्यातून एक दिवस मौन धरतात, बाकी दिवस उपास. बायाइले कोड्यातलं काय समजते?" सगळं सभागृह हसलं.

मग संपादकांनी फळ्यावर कोड्याचं एक नवं शोधसूत्र लिहिलं आणि म्हणाले, "एवढं सोडवून दाखवा."

भाऊजींनी खडू उचलला आणि परत ठेवला. फळ्याकडे पाहता पाहता ते मंचाच्या कडेला आले आणि वाकून पुटपुटले, "वयनी, सांगा ना वो लवकर!"

उत्तर मला केव्हाच सुचलं होतं. मी हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"भाभीचं मौन हाय भाऊ," रजियाबी म्हणाल्या. "अन् मी तं बाई माणूस, मले काय समजते?"

माझं मौन सोमवारी असतं.

तो शनिवार होता.