माहितगार

छायाने त्रेचाळिसावा अभिप्रायही वाचून काढला. 'भाताची लावणी करताना लेकीसाठी एका मुठीची जागा मोकळी ठेवायची! काय सुंदर प्रथा आहे हो या डोंगरातल्या लोकांची,' असं नागपूरच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं. आधीच्या बेचाळीस जणांचंही साधारण हेच म्हणणं होतं. दुपारची सुट्टी कधीच संपली होती. नाशिकरोडच्या त्या सायबर कॅफेशेजारीच तिची विमा कचेरी होती आणि तिथे साहेब एव्हाना घड्याळाकडे बघत असणार. तरी ती उठली नाही.

कथा पुण्याच्या सुनील टिपणीसांची होती. नव्या लेखकांसाठी चालवलेल्या एका मराठी संकेतस्थळाच्या दिवाळी स्पर्धेत ती पहिली आली होती. साल २००७.

मोठं उपयोगी संकेतस्थळ होतं ते. तिथे शब्दकोश होता, शुद्धलेखनाचे नियम होते, कथा अडून बसली तर काय करावं याचे सल्ले होते. आणि 'माहितगार' नावाचं एक पान होतं. कोर्टातला प्रसंग लिहायचा असेल तर या वकिलांना विचारा, बोटीवरचा लिहायचा असेल तर त्या खलाशांना. त्यातच एक ओळ होती : 'हरसूलकडचं डोंगरी जीवन – छाया भोये, नाशिकरोड.' चालकांनी तिला विचारून घातलेली ही ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा छायाने पानाची छापील प्रत काढून घेतली होती. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना आपल्या गावाबद्दल विचारावंसं वाटतं, याचं तिला भारी अप्रूप. स्वतः मात्र तिने तिथे कधी चार ओळींची गोष्टही टाकली नव्हती. लिहिणारे वेगळे आणि आपण नुसत्या सांगणाऱ्या, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

टिपणीस सहा महिने विचारत होते. रोपं पेरायच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब कधी भाजतात? रोपांची मूठ कशाने बांधतात? चिखलणीच्या दिवशी घरात काय शिजतं? छाया एका प्रश्नाला तीन-तीन पानांचं उत्तर द्यायची. असंच एकदा सांगण्याच्या भरात तिने लिहून टाकलं होतं, 'लेक शिकायला लांब असली तर आमच्याकडे भाताच्या खाचराच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एका मुठीची जागा ठेवतात.'

कथेत ते सगळं आलं होतं, तिच्याच शब्दांत, काना-मात्रेचाही फरक नाही. पण हरसूलच्या अवतीभवती कुठल्याच गावात अशी रीत नव्हती. हे करायची ती एकटी नवसाबाई, छायाची आई. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. 'मी' आणि 'माझं' म्हणायची छायाच्या घरात कुणालाच सवय नव्हती. जे काही असेल ते 'आमच्याकडे'. त्या एका सवयीपायी तिची आई साऱ्या मुलखाची प्रथा होऊन बसली होती.

तिने मोबाईल काढून टिपणीसांना फोन लावला.

"सर, छाया भोये बोलतेय. कथा वाचली."

"अरे वा, छायाताई! खाली तुमचे आभार मानायचे राहून गेले बघा. आजच टाकतो."

"सर, ती रीत कुठेच नाही. फक्त माझी आई करायची तसं."

टिपणीस जरा गडबडले. "पण आमच्याकडे ठेवतात, असं तुम्हीच लिहिलं होतंत. मी माहिती म्हणून घेतलं. माहिती काय, कुणीही वापरतं. आणि शेवट तर माझाच आहे ना? लेक धावत येते, चिखलात उतरते, ती मूठ लावते. लोक रडलेत त्यावर."

"शेवट तुमचाच आहे," छाया म्हणाली, "आणि तो खोटा आहे."

तिने फोन बंद केला. टिपणीसांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटत होती. सांगायचं ते सोडून बाकी सगळं तिने जगाला सांगितलं होतं.

संकेतस्थळाच्या चालकांना तिने तक्रार लिहायला घेतली. दोन ओळी झाल्यावर खोडून टाकली. तक्रारीने फार तर काय होईल, आभाराच्या यादीत नाव येईल. तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं.

"मॅडम, वेळ संपला तुमचा," गल्ल्यावरून किशोर म्हणाला. कॅफे त्याचाच होता.

"अजून एक तास दे," ती म्हणाली. कचेरीत बोलणी खायची तयारी तिने मनाशी केली.

तिने 'नवी कथा' असं लिहिलेलं बटण दाबलं. लेखकाचं नाव विचारलं होतं, तिथे तिने 'छाया जयराम भोये' असं पूर्ण नाव घातलं. बोटांनी सवयीने पहिला शब्द 'आमच्याकडे' असाच उमटवला. तो तिने पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

'दर पावसाळ्यात माझी आई खाचरात एका मुठीची जागा मोकळी ठेवायची. "ऱ्हाऊ दे, पोर आली की लावंल," म्हणायची. हाताला चिखलाचा वास येईल, वसतिगृहातल्या मुली हसतील, म्हणून सात वर्षांत मी एकदाही गेले नाही.'