पिवळं तेवढं ठेव

“बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट कर, दुपटं तेवढं पिवळं राहू दे,” ताईनं पलंगावरून हुकूम सोडला. “आणि आटप लवकर. बाळाचा फोटो, बाळाचा फोटो म्हणून सगळ्यांनी जीव खाल्लाय.”

मावशीनं, म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीनं, मांडीवर लॅपटॉप घेतला. स्टुडिओत हेच काम करून तिचा हात बसलेला होता. एकेका रंगाची पट्टी ती शून्यावर आणत गेली. निळा गेला, पडदा राखाडी झाला. लाल गेला, ताईची नखं विझली. केशरी तिनं शेवटी घेतला. माणूस गोरा असो की सावळा, फोटोत त्याची कातडी केशरीतच सापडते. पट्टी शून्यावर आली तसा दुपट्यावर टेकलेला ताईचा हात राखाडी झाला.

बाळ मात्र राखाडी झालं नाही.

मावशीनं पट्टी पुन्हा पुढं-मागं करून पाहिली. कपाळ, गाल, पाऊल, सगळं पिवळं. दुपट्याची झाक पडली असेल, असं तिला आधी वाटलं. पण दुपटं हनुवटीच्या खाली होतं, कपाळ त्याच्यापासून लांब. शिवाय झाकच पडायची तर ती ताईच्या हातावर आधी पडायला हवी होती. तिनं चित्र मोठं केलं. बाळाचा एक डोळा अर्धवट उघडा होता. बुबुळाभोवतीचा पांढरा भागही पिवळाच राहिला होता.

“ताई, त्याला जरा खिडकीशी आण ना.”

“आत्ता कुठं झोपलाय. कशाला?”

“डोळे पिवळे दिसतायत त्याचे.”

लंगोटांच्या घड्या घालणारी आई, आता सगळ्यांचीच आजी, तिथूनच म्हणाली, “पिवळे कसले? रंगच तसा आहे, सोन्यासारखा! येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतोय. बाबांवर गेलाय तुमच्या.”

“बाबा काय लिंबासारखे होते?”

“जिभेला काही हाड आहे का! स्वतः राहिलीस सावळी, म्हणून पोराच्या रंगावर टपलीस होय गं?”

आजी हसत बोलली, पण बोलायचं ते बोललीच. ताईही वैतागली. “तुझं आपलं काहीतरीच. कॉम्प्युटरवर तूच काहीतरी खेळ केला असशील.”

खेळ करणं खरंच सोपं होतं. ब्रशचा एक फटकारा मारला की बाळ राखाडी, दुपटं पिवळं, घर खूश. मावशीनं ब्रश घेतलाही. मग ठेवून दिला आणि स्क्रीन ताईकडे वळवली.

“मी काहीच केलेलं नाही, हेच सांगतेय तुला. हा तुझा हात. ही त्याची मूठ. दोघांवर एकच उजेड आहे.”

राखाडी बोट पिवळ्या मुठीत होतं. ताई बघत राहिली. मग उठली आणि बाळाला खिडकीशी घेऊन गेली.

“कपाळावर बोट दाब. हलकेच. आता सोड.”

दाबलेल्या जागेवरून रक्त सरलं. तिथं क्षणभर जो ठसा उमटला तो पांढरा नव्हता, पिवळा होता.

“आई,” ताई म्हणाली. “गाडी बोलाव.”

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाच्या टाचेतून थोडं रक्त घेतलं. अहवाल येईपर्यंत तिघी बाकावर बसल्या. मावशी मनातल्या मनात देवाला विनवत होती की, माझा अंदाज खोटा ठरू दे, मग घरच्यांनी मला जन्मभर चिडवलं तरी चालेल.

डॉक्टरबाई कागद घेऊन बाहेर आल्या. “कावीळ आहे. नव्या बाळांना होते, पुष्कळदा आपोआप उतरते. याची जरा जास्त चढलीय. पण वेळेवर आणलंत. आता दिव्याखाली ठेवू. उतरेल. घाबरू नका.”

ताईनं डोळे मिटून घेतले आणि मावशीचा खांदा इतका घट्ट धरला की तो दुखायला लागला. मावशीनं दुखू दिला.

“म्हणजे हा रंग जाणार?” आजीनं विचारलं.

“जायलाच हवा, आजी.”

“आणि मग खरा कुठला?”

“तो यायला वेळ आहे. तुम्हाला घाई आहे का?”

“छे हो! कुठला का असेना,” आजी घाईघाईनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तातल्या काविळीचा आकडा खाली आला. आणखी दोन दिवस ठेवू, मग घरी न्या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मावशी डबा घेऊन आली तेव्हा निळ्या उजेडाच्या पेटीत बाळ नुसत्या लंगोटावर, डोळ्यांवर पट्टी बांधून पडलं होतं. आजी काचेला नाक लावून उभी होती.

“आजी, दिवा चालू असताना रंग नाही हो कळत,” नर्स म्हणाली.

“रंग कोण बघतंय?” आजी काचेपासून हलली नाही. “लाथा बघतेय मी त्याच्या. कशा झाडतोय बघा, मेला!”