पाहुण्यांचा आकडा

"तीनच?" बायकोने चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

"पहिलाच दिवस आहे," पेंटर म्हणाला. "तू, मी आणि भाची. झाले की तीन."

लॅपटॉपच्या पडद्यावर त्याची पहिलीवहिली वेबसाइट होती. एकच पान. वर ठसठशीत अक्षरांत 'अक्षरं आमची, दुकान तुमचं', खाली फोन नंबर आणि तळाशी हिरव्या चौकटीत 'आतापर्यंत आलेले पाहुणे: ३'.

तीस वर्षं त्याने दुकानांचे बोर्ड रंगवले होते. बोर्डाच्या पाठीमागे खडूने टिपण ठेवायची त्याची सवय होती: कुठला रंग, किती हात, गिऱ्हाईक कटकटं की साधं. मग छापील फलक आले आणि ब्रश डब्यात गेले. लोकांना आता वेबसाइट हवी असते, असं भाचीने सांगितलं, तेव्हा साठीला टेकलेल्या पेंटरने पुन्हा पाटी-पेन्सिल धरली. जुना लॅपटॉप घ्यायला बायकोने तिचं काजं करायचं मशीन विकलं. तेव्हापासून ती गिऱ्हाइकांच्या शर्टांची काजं हाताने करत होती.

वेबसाइट शिकवणारे इंटरनेटवरचे फुकटचे धडे बाराच होते, तेराव्यापासून पैसे. अंथरूण पाहून पाय पसरले, तरी एवढं पान झालंच.

काम मात्र महिन्याच्या आत मिळायला हवं होतं. बायकोच्या भावाने गोदामावर रखवालदाराची जागा तेवढ्यापुरती धरून ठेवली होती. त्या गोदामाचा बोर्ड पेंटरनेच रंगवला होता. त्याच बोर्डाखाली खुर्ची टाकून बसायचं, या विचाराने त्याला घास गिळवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आकडा तीनच. पेंटरचा चेहरा उतरला. बायकोला ते बघवेना. ती चहा अर्धा टाकून उठली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली.

त्या दिवशी पहिलीच बाई माप द्यायला आली, तेव्हा टेप गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "ताई, तुमच्या फोनवर जरा आमच्या ह्यांचं पान उघडता का?"

मग तो शिरस्ताच पडला. आधी माप, मग फोन. जेवढे फोन, तेवढ्या खडूच्या रेघा ती टेबलाच्या आतल्या कडेला ओढायची. पहिल्या दिवशी सहा झाल्या.

सकाळी आकडा होता चौदा.

"अहो, चौदा!"

"मग!" पेंटर लाजून हसला. "बोर्ड चांगला असला की माणूस थांबतोच."

सहा तिचे. उरलेले परके! तिला शिवताना गाणं सुचायला लागलं.

एकदा दुपारी तिने बघितलं, तर सकाळचाच आकडा. तिने विचारलं, तर पेंटर म्हणाला, "रंग सुकायला वेळ लागतो गं." जिथे सुई-दोरा नाही तिथे आपण कशाला डोकं घालायचं, म्हणून तिने ते सोडून दिलं.

पेंटर आता तिच्या आधी उठायचा. दाढी करून लॅपटॉपपाशी बसलेला असायचा. "आजचा आकडा बघितलास?" असं विचारायचा आणि ती वाचत असताना पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत राहायचा. बायको मनात म्हणायची, बघा, कसा खुललाय गडी. आणि रेघा वाढवायची.

महिना संपता संपता भावाचा फोन आला. "काय ठरलं? जागा उद्या दुसऱ्याला जाईल."

तिने पेंटरकडे बघितलं. तो कुठल्याशा हिरव्याची छटा जमवण्यात गढला होता.

"नको रे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे रोज परकी माणसं येतात. त्यांचं बस्तान बसतंय."

फोन ठेवून तिने अर्धं राहिलेलं काज पुढ्यात घेतलं. न पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर तिने हातातली भाकरी सोडली होती.

चार दिवसांनी बेकरीवाल्याचा फोन आला. त्याची बायको पडदे शिवायला टाकून गेली होती, तिच्या फोनवर त्याने पान बघितलं होतं. त्याला बेकरीची वेबसाइट हवी होती.

पेंटरने फोन ठेवला. मग रंगाच्या फडक्याने डोळे पुसत म्हणाला, "काम मिळालं गं."

रविवारी तो वेबसाइटला रंग निवडायला बेकरीच्या भिंती बघायला गेला आणि मदतीला भाची आली. ऑफिसात दिवसभर संगणकावरच बसणारी, दोन लेकरांची आई. आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला.

"मामी, बेकरीवाल्याला मामांसारखाच पाहुण्यांचा आकडा हवाय. त्यांनी कसा केलाय ते आतून बघते."

बायकोला राहवेना. "एक सांगू? मामांना कळू देऊ नकोस हं. त्यातला निम्मा आकडा माझा आहे." तिने टेबलाच्या कडेच्या रेघा दाखवल्या. "तीनवर अडला तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना गं."

भाची रेघांकडे बघत राहिली. मग पडद्याकडे.

"मामी, आपोआप मोजणं तेराव्या धड्यात शिकवतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या रेघांनी हा आकडा एकानेही वाढलेला नाही. मामा रोज सकाळी तो पुसून नवा लिहितात. आणि पाहुण्यांना दिसत नाही अशा जागी, बोर्डाच्या पाठीमागे लिहावं तसं, टिपण ठेवलंय."

"काय लिहिलंय?"

भाचीने पडदा तिच्याकडे वळवला.

'रोज थोडा वाढवणे. तीनचा तीन राहिला, त्या दिवशी तिने चहा अर्धा टाकला.'