खुणेची वाट

परदेशात एकटाच राहणाऱ्या लंबूने हट्ट धरला, म्हणून त्याचा शाळासोबती ढापण्या प्रथमच देशाबाहेर पडला. प्रेक्षणीय स्थळं राहिली बाजूला, लंबू रोज त्याला त्याच एका बसने हिंडवायचा. पाट्यांवरची लिपी म्हणजे ढापण्याला मुंग्यांची रांग.

“अक्षरं सोड, खुणा धर. लाल छत्रीच्या दुकानाशी उतरायचं, घड्याळापाशी डावीकडे वळायचं.”

“अरे, मी फिरायला आलोय की पोस्टमन व्हायला?”

शेवटच्या दिवशी ढापण्या पुढे आणि लंबू धापा टाकत मागे. एकदाही न चुकता ढापण्या एका पांढऱ्या इमारतीच्या फाटकाशी पोचला.

“जमलं की नाही? पण हे आहे काय?”

“इस्पितळ.” लंबूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या खेपेला मला घरी न्यायला येशील, तेव्हा रस्ता दाखवायला मी नसेन.”