गोडं पाणी

इन्फ्लुएन्झाची साथ ओसरली आणि डॉक्टर दिनकरराव ओख्याजवळच्या एका लहानशा बेटावरून बडोद्याला परतले. साथीच्या भीतीने तिकडे गोड्या पाण्याच्या होड्या जाईनाशा झाल्या होत्या. वस्तीतलं कुणीच उरलं नव्हतं.

ते आल्यापासून घरचा माठ खारट होऊ लागला. अहल्याबाई वैतागल्या. त्यांनी मोलकरणीला झापलं, माठ बदलला, शेवटी स्वतः आजवा तलावाच्या नळावरून कळशी भरून आणली.

"आता तरी प्या!"

दिनकररावांनी पेला घेतला, पण ओठांना लावेनात.

"आधी त्यांना," ते पुटपुटले.

"अहो, घरात दुसरं आहे कोण?" बाईंनी पेला हिसकावला आणि स्वतःच घोट घेतला. पाणी गोड होतं.

मागून कितीतरी कोरडे गळे एकदम म्हणाले, "बेन, अमनेय थोडुं पाणी."