शिरीषातली ढोली

“बाई, इथं कायच नाय. नुसत्या जीपा,” बारकू म्हणाला आणि पाचवीचा अख्खा वर्ग खिदळला.

पक्षी दाखवायला वर्ग शाळेसमोरच्या बाजारात घेऊन आलेल्या अनिताबाईंनी पुन्हा वळून शाळेकडे पाहिलं. “शहापूरच्या बाजारात कुठले आलेत पशुपक्षी? तास संपायच्या आत पोरं वर्गात पाहिजेत,” असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. पोरं एका जागी ठरत नव्हती. एक रसवंतीत घुसत होता, दुसरा रस्त्यावर धावत होता. दोघांना दंडाला धरून मागे ओढता ओढता बाई सांगत होत्या, “माना वर करा. गप्प राहिलात तरच दिसेल.”

मान वर केली ती एकट्या शीतलने. डोळखांबकडच्या पाड्यावरून मामाकडे शिकायला आलेली ही पोर वर्गात कधी तोंड उघडत नसे. जीपस्टँडवरच्या जुन्या शिरीषाखाली ती उभी राहिली आणि एकदम ओरडली, “बाई, पोपट! त्या ढोलीत गेला!”

सगळा वर्ग झाडाखाली धावला. “कुठंय? कुठंय?” करत पोरं उड्या मारू लागली. बाजारातली माणसंही थांबली. पोपट ढोलीतून बाहेर पडला, दुसरा कुठूनसा आला आणि दोघं किंचाळत झाडाभोवती फिरू लागले.

शेणवा गावाला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर कोंडू मोठा हौशी माणूस. बाई “अहो, नको,” म्हणेपर्यंत तो जीपच्या टपावर चढलाही. ढोलीत हात घालून त्याने पिल्लू काढलं, खाली उतरला आणि शीतलच्या ओंजळीत ठेवलं.

“घे गो! तूच पायलंस ना? भात भरव, बोलाया लागंल.”

पिल्लाला अर्धीमुर्धी पिसं फुटली होती. पोरांनी शीतलला घेरलं. कालपर्यंत तिच्या बाकावर बसायला कुणी तयार नसे. आज “मला दे, मला दे,” म्हणून तिची मनधरणी चालली होती. ती हसत होती. तिचं हसू बाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं.

“कोंडूभाऊ, ते परत ठेवा,” बाई म्हणाल्या.

“पोरीला दिलंय, बाई. मी काय खातोय थोडाच?” कोंडू हसला. जीप भरली होती. “शेणवा, शेणवा!” ओरडत तो निघूनही गेला.

शाळेची घंटा झाली. पिल्लू हिसकावून घेणं सोपं होतं. पण बाई शीतलजवळ उकिडव्या बसल्या.

“शीतल, वर बघ.”

शीतलने वर पाहिलं. पोपटांची जोडी तारेवर बसत होती, उडत होती, पुन्हा बसत होती. तिचं हसू हळूहळू मावळलं. तिने पिल्लू छातीशी घट्ट धरलं, आणि मग बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी पदर खोचला. चहाच्या टपरीचं बाकडं ओढलं, एका हाताने फांदी धरली आणि त्या चढल्या. खाली कुणीतरी शिट्टी मारली. खोडाला गुडघा खरचटला. पिल्लू ढोलीत सरकवून त्या उतरल्या, तेव्हा शाळेच्या फाटकात हेडमास्तर उभे होते.

पोपट ढोलीजवळ आले नव्हते. गर्दी हटत नव्हती आणि थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत येताना बाई शिरीषाखाली थांबल्या. ढोली रिकामी की आत कुणी आहे, खालून कळेना. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी एकच शब्द दोनदा चुकीचा लिहिला.

आठवड्याने, मधल्या सुट्टीत शीतल त्यांच्या टेबलापाशी आली. आपणहून, पहिल्यांदाच.

“बाई, मला आणिक एक घरटं गावलंय. आत पिल्लं हायत.”

“हो? कुठे गं?” बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

शीतलने दाराकडे पाहिलं, मैदानावर ओरडणाऱ्या पोरांकडे पाहिलं आणि मग बाईंकडे.

“नाय सांगत,” ती म्हणाली. “तुमाला पण नाय.”