एगोनच्या कानातली गुणगुण

“आता?” मारेनने व्यासपीठाखालून ओरडून विचारलं.

“गेली!” पुढच्या रांगेतल्या दोन आज्या एकदम म्हणाल्या. “अगदी साफ गेली!”

मारेनचा जीव भांड्यात पडला. गुडघ्यांवरची धूळ झटकत ती बाहेर आली.

गावाच्या सभागृहात फरशीखालून एक तार चौफेर फिरवलेली होती. माइकमधला आवाज त्या तारेतून थेट श्रवणयंत्रांत उतरायचा. उन्हाळ्यात छताला नवी झुंबरं लागली, दिवे मंद करायची बटणं आली, आणि वायरमनने त्यांची वायर नेमकी या तारेला खेटून नेली. तेव्हापासून यंत्रवाल्यांच्या कानात, फक्त त्यांच्याच, माशीसारखी गुणगुण घोंघावत होती. आज मारेनने ती वायर उपसून पलीकडच्या भिंतीने नेली होती.

“अजून आहे,” मागून आवाज आला.

हा एगोन. उभा जन्म फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी गेला, त्यात कान गेले. दर गुरुवारी व्याख्यानाला यायचा. शेजारी टोवे बसायची. गुणगुण सुरू झाल्यापासून तीच त्याच्या कानाशी तोंड नेऊन वक्त्याचं वाक्यन् वाक्य त्याला सांगायची.

सभागृहाची अध्यक्ष बोडिल. तिने मारेनला बाजूला घेतलं.

“हे बघ, बाकीच्यांचं सोड. एगोनने मान डोलावली की बेटावरच्या तिन्ही गावांच्या सभागृहांचं काम तुझं. नाहीतर मी शहरातल्या कंपनीला फोन लावते.”

“त्याची यंत्रंच बिघडली असतील.”

“दवाखान्यात दाखवून आणलीत मी. ठणठणीत आहेत. अगं, मला त्या टोवेची दया येते. नवरा गेल्यावर कुठे घराबाहेर पडायला लागली, तर हा येऊन गळ्यात पडला. एक व्याख्यान तिला धड ऐकू देत नाही.”

“मला काही त्रास नाही,” टोवे कप मांडता मांडता म्हणाली.

“तू गप्प बस. तुझा स्वभावच भिडस्त.”

मारेन पुन्हा कामाला लागली. हे काम हातचं गेलं, तर आपल्या विजेच्या दुरुस्तीच्या दुकानाला टाळं ठोकून कोपनहेगनला कुणाच्या तरी हाताखाली राबायचं होतं. आणि बेट तर तिला सोडायचं नव्हतं. तिने फ्रीज बंद केला. कॉफीचं यंत्र बंद केलं. तपासणीचं यंत्र स्वतःच्या कानाला लावून ती एगोनच्या खुर्चीभोवती फिरली. चिडीचूप.

“मला तर काहीच ऐकू येत नाही.”

“तुझे कान तरुण आहेत,” एगोन तिच्या ओठांकडे बघत म्हणाला. “मला येतं.”

बोडिलने माइक हातात घेऊन त्यावर दोनदा जोरात टिचकी मारली. पुढच्या आज्यांनी दचकून कानांना हात लावले. एगोन केक खात होता. केकचा मधला थर छान झालाय, असं तो टोवेला सांगत होता.

लोक आले. सगळ्यांनी उभं राहून नेहमीसारखं एक गाणं म्हटलं. मग वक्ता ग्रीनलंडच्या कस्तुरीबैलांवर बोलू लागला. मारेन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. यंत्रवाले सगळे खुशीत होते, माना डोलावत होते. एगोन सोडून.

“म्हणतो, लांडगे आले की बैल गोल करून उभे राहतात,” टोवे त्याच्या कानात म्हणाली. तिचा आवाज अर्ध्या सभागृहाला ऐकू गेला.

“कुठे उभे राहतात?”

“गोल करून रे! वासरं मधे.”

“शहाणे आहेत!” एगोन खो खो हसला, टोवेही हसली. पुढून कुणीतरी ‘शूऽ’ केलं. बोडिलने मारेनकडे असं पाहिलं, की तिला जागच्या जागी विरून जावंसं वाटलं. एका म्हाताऱ्याच्या कानापुढे तिने हात टेकले होते. रागही आला होता, रडूही येत होतं.

मध्यंतर होताच तिने एगोनला कोट टांगायच्या खोलीत गाठलं.

“यंत्रं द्या बघू.”

“कशाला? दवाखान्यात बघितलीत की.”

“मी एकदा बघते.”

एगोन घुटमळला. मारेनने हात पुढेच ठेवला. शेवटी त्याने दोन्ही यंत्रं कानांतून काढून तिच्या तळव्यावर ठेवली. तिने नखाएवढी झाकणं उघडली. एकात बॅटरी नव्हती. दुसऱ्यातही नव्हती.

एगोन टांगलेल्या कोटांकडे बघू लागला. तेवढ्यात त्याची कॉफी घेऊन टोवे आत आली. मारेनच्या हातातली उघडी यंत्रं तिने पाहिली. कप खाली ठेवला. मग तिने आपली पर्स उघडली आणि वाटाण्याएवढ्या दोन बॅटऱ्या मारेनपुढे धरल्या. तिचे गाल लाल झाले होते.

“काय गं मारेन?” दाराबाहेरून बोडिलचा आवाज आला. “सापडली का गुणगुण? की लावू शहरात फोन?”

मारेनने टोवेची मूठ मिटवली.

“लावा,” ती म्हणाली. “ही माझ्याच्यानं जायची नाही.”